खोली नंबर तीनचं पाणी

फोनवर लोक आधी विचारतात, "एसी आहे का हो तुमच्याकडे?" वहिनी म्हणते, "खिडक्या आहेत. समोरासमोर. वारा फुकट." झालं, निम्मी गिऱ्हाइकं तिथंच गळतात. उरलेली येतात, राहतात, नाकं मुरडतात आणि जाताना पुढच्या वर्षीच्या तारखा सांगून जातात. हे कसं होतं ते मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही, आणि त्या घरातला पाइप न् पाइप माझ्या हातचा आहे.

मी तिचा धाकटा दीर. धंदा प्लंबिंगचा. डोकं तापट आहे असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातंय! दिवसभर दुसऱ्याची तुंबलेली मोरी उपसून दाखवा म्हणावं, मग थंड डोक्याच्या गप्पा मारा. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे मी तिला 'तू' म्हणतो आणि ती मला 'भावजी, तुम्ही' म्हणते. रागावली की 'अहो प्लंबर' म्हणते. त्यावरून वारं कुठून वाहतंय ते मला कळतं.

वर चार खोल्या, खाली स्वयंपाकघर आणि पाच टेबलांची नाश्त्याची खोली, एवढाच सगळा पसारा. पाहुण्यांना राहायला खोली आणि सकाळचा नाश्ता मिळतो, बाकी जेवणाचं ज्याचं त्यानं बघायचं. नाश्ता दादा करतो, म्हणजे माझा थोरला भाऊ. तो दिवसाला मोजून अकरा वाक्यं बोलतो, त्यातली चार अंड्यांबद्दल असतात. बाकी कारभार वहिनीच्या मुठीत.

त्या घरातून कचऱ्याच्या गाडीत आठवड्याला एक बादली जाते. एक! शेजारच्या दोन माणसांच्या घरातून रोज एक जाते. आदल्या संध्याकाळी वहिनी प्रत्येकाला विचारते, उद्या किती अंडी, किती पाव, दूध घेणार का, आणि तेवढंच सकाळी टेबलावर येतं. साबणाची छोटी छोटी पाकिटं नाहीत, वडी कापून देते. चादर फाटली की तिच्या उशीच्या खोळी होतात, खोळी विरल्या की फडकी, फडक्यांच्या चिंध्या झाल्या की मी त्या पाइप पुसायला नेतो. त्यावरही ती विचारते, "भावजी, मागच्या वेळच्या चिंध्या परत नाही आणल्यात?" आंघोळीचं पाणी गच्चीवर उन्हात तापतं आणि वापरून झालं की मागच्या बागेत जातं. ते सगळं मी करून दिलंय, आणि दरवेळी भांडून करून दिलंय. कुणी पाहुणा कौतुकानं म्हणाला, "ताई, तुम्ही पर्यावरणासाठी केवढं करता," की ती म्हणते, "पर्यावरणाचं मला काय कळतंय. नासवू नये, एवढं कळतं."

तर खोल्यांचे पाण्याचे मीटर. त्या मीटरांपायी त्या घरात एका माणसाचा जीव जायची पाळी आली होती, आणि ते मीटर मी बसवलेत. म्हणून ही हकीकत मीच सांगणार. दुसरा कुणी सांगेल तर तो वहिनीला तरी दोषी धरेल नाहीतर मीटरला, आणि मला दोन्ही खपणार नाही.

झालं असं होतं की चार नंबरच्या खोलीतली फ्लशची टाकी तीन दिवस आतल्या आत गळत राहिली. आवाज नाही, काही नाही. गच्चीवरची टाकी रिकामी झाली तेव्हा कळलं. वहिनीनं मला असं काही झापलं की जणू मीच तिथं बसून पाणी ओतत होतो. "प्रत्येक खोलीला वेगळा मीटर लावा," म्हणाली. मी म्हटलं, वहिनी, हे लॉज आहे की पाणीपुरवठा खातं? ती म्हणाली, "अहो प्लंबर, मीटर लावताय की दुसऱ्याला बोलावू?" लावले मुकाट्यानं.

रोज सकाळी आठ वाजता ती चष्मा लावून चारही मीटर वाचायची आणि वहीत आकडे लिहायची. गळती लगेच कळायला लागली, माझ्या निम्म्या खेपा वाचल्या. तिथं थांबली असती तर ही गोष्टच घडली नसती. पण चांगलं चाललेलं असलं की माणसाला आणखी चांगलं करायची हुक्की येते. तिनं नाश्त्याच्या खोलीत एक फळा टांगला. 'काल सर्वांत कमी पाणी: खोली नंबर अमुक, माणशी इतके लिटर. शाबास!' आणि ज्याचा नंबर लागेल त्याला दुसऱ्या दिवशी खिडकीजवळचं टेबल.

तुम्हाला वाटेल, कोण विचारतंय त्या टेबलाला. अहो, मोठमोठी माणसं! एक साहेब पोटाचा घेर सावरत रोज फळ्यासमोर उभे राहायचे आणि बायकोला म्हणायचे, "तुझे केस धुणं आपल्याला महागात पडलं." लोक हसायचे, एकमेकांना चिडवायचे, आणि खरंच पाणी कमी लागायचं. माणशी नव्वद लिटर लागायचं ते साठवर आलं. वहिनी खूश, मीही खूश. खोटं कशाला बोलू, मी चार ठिकाणी सांगत फिरलो की ही कल्पना माझीच.

अशात मोजणीदार आले.

उन्हाळा चढायला लागला होता. एक तिशीतली बाई, बाळंत होऊन वीस दिवस झालेली, आपल्या वडिलांना घेऊन आली. वडील चौऱ्याहत्तरचे, जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. उभं आयुष्य साखळी आणि दुर्बीण घेऊन शेतांच्या हद्दी मोजण्यात गेलेलं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. नातवाला बघायला आले होते, पण लेकीचं घर एका खोलीचं. त्यात ती, नवरा, बाळ आणि बाळाच्या दुपट्यांची दोरी. म्हणून महिनाभर रात्री झोपायला इथं, आणि दिवसा चार तास नातवापाशी.

"काकू, बाबांना जपा हं," ती वहिनीला म्हणाली. "ते स्वतःहून काही मागणार नाहीत. त्यांना मागायची सवयच नाही."

"तू बिनघोर जा," वहिनी म्हणाली. "ते माझ्या वडिलांच्या जागी."

मोजणीदारांना तीन नंबरची खोली दिली. पहिल्याच सकाळी त्यांनी फळा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि विचारलं, "मीटर कुठल्या बनावटीचे? अचूक आहेत का?" मी तिथंच चहा पीत होतो. म्हटलं, काका, अर्ध्या लिटरची चूक दाखवा, मी मिशी उतरवतो. त्यांनी बादली भरून खरंच तपासलं. चूक निघाली नाही. त्या दिवसापासून ते आणि वहिनी यांचं असं गूळपीठ जमलं की काही विचारू नका. आकडा म्हटलं की दोघांचेही डोळे चमकायचे. ती वही घेऊन त्यांच्या टेबलाशी बसायची आणि ते तिला सरासरी कशी काढायची ते शिकवायचे.

पहिल्या दिवशी त्यांचे चोपन्न लिटर आले, दुसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस. फळ्यावर तीन नंबर झळकला. मोजणीदार खिडकीजवळ बसले, ताठ, शर्टाचं वरचं बटण लावून. दोन नंबरमध्ये सायकलवरून फिरणारी दोन तरणीताठी पोरं होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग एक्केचाळीस. मग पस्तीस. वहिनीनं फळ्यावर लिहिलं, 'आजवरचा सर्वांत कमी आकडा!' आणि खाली एक रेघ जास्तीची मारली.

"कसं जमतं हो काका?" मी विचारलं.

"नियोजन," ते म्हणाले, आणि हसले. आयुष्यात बहुतेक कुणी त्यांना इतकं वाखाणलं नसावं. हद्द मोजणाऱ्याला काय, दोन्हीकडचे शेजारी शिव्याच देतात.

मला आज वाटतं, तेव्हाच आमच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. दुपारी घामाच्या धारा लागत होत्या, बाकीच्यांचे आकडे रोज वर चढत होते आणि यांचा एकट्याचा खाली. साधी गोष्ट. पण आम्हाला ती कर्तबगारी वाटली! दादाला मात्र काहीतरी दिसलं होतं. एका सकाळी कढई पुसता पुसता तो म्हणाला, "काका चहा घेत नाहीत आता." अकरातलं एक वाक्य त्यानं खर्च केलं. वहिनी म्हणाली, "उकाडा आहे, नको वाटत असेल." मी तर ऐकलंच नाही, मला चार नंबरचा शॉवर बघायचा होता.

बाराव्या दिवशी तीन नंबरचा आकडा आला सत्तावीस.

वहिनी वही घेऊन जवळजवळ पळत खाली आली. "भावजी, सत्तावीस! माणूस आहे की काय!" तिनं फळा पुसला, खडू हातात घेतला, आणि तेवढ्यात जिन्यावर धप्प आवाज झाला.

मोजणीदार वरून चौथ्या पायरीवर पडले होते. डोळे अर्धे उघडे, ओठांना पांढरी साल धरलेली. मी हात धरला तर कातडी कागदासारखी कोरडी. वहिनीनं हाक मारली, "काका! अहो काका!" ते काहीतरी बोलले, पण जीभ टाळ्याला चिकटत होती. मी त्यांना उचललं. माणूस एवढा हलका कसा, असं एकदा मनात आलं आणि मी गाडीकडे धावलो.

दवाखान्यात सलाइन लावलं, रक्त नेलं, पोटाची तपासणी झाली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा तोंड गंभीर होतं. शरीर पार सुकलंय, मूत्रपिंडं नीट काम करत नाहीयेत, म्हणाल्या. चोवीस तास काही सांगता येणार नाही. आणि त्यांना कोडं पडलं होतं ते हे, की मूत्रपिंडं आधीपासून बिघडलेली आहेत म्हणून असं झालं, की पाणी कमी पडलं म्हणून? उपचार त्यावर ठरणार होता. "जुलाब, उलट्या झाल्या होत्या का? लघवीचं काय? हे बरोबर राहणारं कोण सांगेल?"

लेक बाळाला छातीशी धरून धावत आली होती. तिला काय माहीत असणार! "बाबा मला काही सांगत नाहीत हो," म्हणून रडायलाच लागली.

वहिनी बाकावर बसली होती. येताना हातातली वही तशीच आणली होती. एकाएकी तिनं ती उघडली आणि बोटांवर हिशेब मांडायला लागली. मी वैतागलो. म्हटलं, वहिनी, हे काय आता, ठेव ती वही.

"गप्प बसा जरा," ती म्हणाली. "आंघोळ नऊ लिटर. काका अर्धी बादली घेतात, मी बघितलंय. दात, तोंड, हात, एक रुमाल धुणं, सहा. झाले पंधरा. सत्तावीसातून उरले बारा." तिनं माझ्याकडे बघितलं. "फ्लशला किती लागतं?"

"सहा," मी म्हणालो. आणि मग माझ्याही डोक्यात शिरलं.

"दोनदा," वहिनी म्हणाली. "रात्रंदिवसात दोनदा. आले तेव्हा सहा वेळा. त्यांना रक्तदाबाची ती लघवी होणारी गोळी आहे, भावजी, त्या गोळीवर हा माणूस दिवसातून दोनदा जातोय. बाकी चार तास लेकीकडे, तिथंही विचारायला हवं." तिनं वही मिटली. "प्यायचं पाणी मी मोजत नव्हते हो. माठ बाहेर आहे, हवं तेवढं घ्या, असं पहिल्या दिवशी सांगितलंय. पण प्यायलं की जावं लागतं, आणि गेलं की सहा लिटर मीटरवर चढतात. म्हणून ते पितच नव्हते. नियोजन!"

आणि मला लाज वाटते सांगायला, पण मी काय म्हणालो ते सांगतोच. मी म्हणालो, "वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हातारं माणूस, उन्हाळा, होतं असं. तू आपण होऊन कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेतेस? बाहेर कळलं की यांनी पाण्याच्या स्पर्धा लावून माणूस आडवा केला, तर उद्या त्या घरात चिटपाखरू येणार नाही."

"आणि डॉक्टर भलतंच औषध देत बसल्या तर?"

"वहिनी, अगं—"

"अहो प्लंबर, बाजूला व्हा."

उठली आणि गेली. डॉक्टरीणबाईंसमोर वही उघडून तिनं बारा दिवसांचे आकडे एकेक करून सांगितले, कुठल्या दिवसापासून उतरत गेले, त्यातलं फ्लशचं किती, सगळं. डॉक्टरीणबाईंनी वही हातात घेतली, दोनदा बघितली आणि परिचारिकेला बोलावून काहीतरी भराभर सांगितलं. पाणी हळूहळू कमी होत गेलंय, म्हणजे मूत्रपिंडं जात्याच वाईट नसावीत, म्हणाल्या. ती गोळी बंद करा.

लेक दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही माझ्या बाबांना पाणी मोजून देत होतात?"

"प्यायचं नाही, बाळा," वहिनी म्हणाली. "पण बाकीचं मोजत होते. आणि कमी आलं की फळ्यावर शाबास लिहीत होते. ते शाबासकीसाठी तहान मारत होते आणि मला कळलं नाही. चुकले मी."

"मी तुम्हाला म्हटलं होतं, जपा म्हणून! म्हटलं होतं ना, ते मागत नाहीत म्हणून!" तिच्या आवाजानं बाळ उठून रडायला लागलं. "जा तुम्ही. जा इथून!"

आम्ही निघालो.

घरी पोचल्याबरोबर मी पाना घेतला. म्हटलं, काढून टाकतो चारही मीटर, नको ती ब्याद. अति तिथं माती. मी पहिल्या मीटरला पाना लावलासुद्धा. वहिनी जिन्यातून ओरडली, "हात लावाल तर याद राखा!" तिचे डोळे लाल झाले होते, पण आवाज नेहमीचा. "मोजल्यामुळे काही झालं नाही. मोजलं होतं म्हणून डॉक्टरांना कळलं. चुकली ती माझी शाबासकी. कमी म्हणजे चांगलं, असं मी डोळे मिटून धरून चालले. कमी कुठवर चांगलं, ते कोण ठरवणार? मीच ना? यजमानीण मी आहे."

तिनं फळा उतरवला आणि मागच्या खोलीत उलटा ठेवला. मग वहीत प्रत्येक पानावर चाळिसाच्या आकड्याखाली लाल रेघ मारत बसली. चाळिसाच्या खाली आकडा आला, की आपण जाऊन दार वाजवायचं आणि बरं वाटतंय ना ते विचारायचं. हे तिनं दादाला सांगितलं, मला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सगळ्या पाहुण्यांसमोर उभं राहून, काय घडलं आणि का घडलं ते इत्थंभूत सांगितलं. मी स्वयंपाकघरात डोकं धरून बसलो होतो. एक नंबरवाल्या बाईंनी दुपारी सामान बांधलं. सायकलवाली पोरं राहिली आणि संध्याकाळी दवाखान्यात जाऊन आली. जाणाऱ्या बाईंना वहिनीनं हसून निरोप दिला, पण त्या गेल्यावर त्यांची चादर झटकताना मला म्हणाली, "काका वाचू देत भावजी. बाकी लॉज मी पुन्हा उभं करीन. मला येतं ते. पण काका वाचायला हवेत."

एवढ्या वर्षांत मी तिला अशी घाबरलेली बघितली नव्हती. ती रोज भेटीच्या वेळेला दवाखान्यात जायची आणि दाराबाहेर उभी राहायची. लेक तोंड फिरवायची. वहिनी तरीही उभी राहायची, वेळ संपली की यायची. मी म्हटलं, अगं, ती आत घेत नाही तर कशाला जातेस? "ती घेत नाही म्हणून मी जायचं नाही, असं थोडंच आहे," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मोजणीदारांनी नीट डोळे उघडले. दारातून त्यांना वहिनी दिसली. हात वर केला आणि तिला बोलावलं. लेक बाजूला सरकली. वहिनी आत गेली, तिच्या मागे मी.

"काल किती आलं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तीन नंबरचं. किती आलं काल?"

वहिनी म्हणाली, "शून्य आलं. तुम्ही इथं पडला होतात ना."

"म्हणजे विक्रमच," म्हातारा म्हणाला.

मी हसलो, काय करू, हसूच आलं. पण वहिनी अशी भडकली की परिचारिका आत डोकावली. "लाज नाही वाटत? त्या पोरीच्या डोळ्याचं पाणी आटलंय तीन दिवस रडून! ओली बाळंतीण इथं बाकड्यावर झोपतेय! खिडकीतल्या एका टेबलासाठी जीव देत होतात? मागितलं असतंत तर मी ते टेबल तुमच्या खोलीत नेऊन ठेवलं असतं!" आणि बोलता बोलता तीच ढसाढसा रडायला लागली. मोजणीदार गडबडले. लेकीकडे वळून म्हणाले, "यांना बोलू नकोस गं. यांनी रोज विचारलं, काका पाणी घेतलंत ना. मी रोज हो म्हणायचो. खोटं बोललो मी." लेक बाळाला थोपटत खिडकीबाहेर बघत राहिली.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी सोडायचं ठरवलं. आणि त्या दुपारी लेक लॉजवर आली, एकटीच. बापाची ट्रंक न्यायला आली असणार, दुसरं काय. दादानं खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. वहिनीनं तीन नंबरमधून ट्रंक खाली आणली. कपडे धुऊन, घड्या घालून, चपला पुसून, सगळं वर नीट लावलेलं.

"कुठं नेणार आहेस त्यांना?" वहिनीनं विचारलं.

"दोन ठिकाणी विचारलं," लेक म्हणाली. "मोठी लॉज आहेत, स्टेशनजवळची. म्हटलं, माझे वडील आजारातून उठलेत, त्यांच्यावर लक्ष ठेवाल का? दोघंही म्हणाले, हो हो, काही काळजी करू नका." ती थांबली. "मग मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे कधी कुणी पाहुणा आजारी पडला होता का? एक म्हणाला, छे, आमच्याकडे असं कधीच होत नाही. दुसराही तेच म्हणाला. त्यांना माहीत तरी असतं का हो, कोण कसं आहे ते?"

वहिनीनं ट्रंकेची कडी पुन्हा लावून बघितली.

"तुम्ही नसतं सांगितलं तर मला कधीच कळलं नसतं," लेक म्हणाली. "डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, ती वही नसती तर आमचे दोन दिवस भलतीकडेच गेले असते. मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे, काकू. खूप रागावलेली आहे."

"असणारच," वहिनी म्हणाली.

लेकीनं पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. त्यावर औषधांच्या खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहिलेली होती. हृदय जरा अशक्त झालंय, त्यामुळे पाणी कमीही चालणार नाही आणि जास्तही चालणार नाही. दिवसाला पावणेदोन लिटर, चहा-दुधासकट. रोज, न चुकता, महिनाभर.

"हे माझ्यानं व्हायचं नाही," ती म्हणाली. "बाळ उठतं, दूध पाजायचं, मी विसरेन. आणि ते माझ्याशी खोटं बोलतील." तिनं ट्रंक उचलली, आणि दाराकडे न नेता जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवली. "तुम्ही मोजून द्या, काकू. मोजून."

वहिनीनं कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि ती ओळ दोनदा वाचली. मग दादाकडे वळून म्हणाली, "त्यांचा पेला बाजूला काढा. किती मावतं बघून सांगा मला, काठोकाठ नको, रोज भरतो तेवढं."

"दोनशे वीस," दादा म्हणाला. त्यानं आधीच मोजून ठेवलं होतं.